खेळ वाढला

१

बेबीनंदाबाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल, तर ते अंगणवाडीतल्या तीन वर्षांच्या पोरांचं. भोकरदनला एकतीस वर्षं सेविका म्हणून काढल्यावर मोठ्या माणसांचं ऐकून घेण्याची त्यांची सवयच मोडली होती. संक्रांतीनंतर आठवडाभरात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मुलगी गंधाली त्यांना जालन्याला, मस्तगडातल्या आपल्या दोन खोल्यांत घेऊन आली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी गंधालीला बाजूला घेऊन सांगितलं, की दुसरा झटका येण्याची भीती मोठी आहे, आणि तो आला तर निभावणं कठीण. तीन महिने धरून चाला. गंधालीने मान डोलावली, डोळे पुसले आणि रिक्षात बसल्यावर आईला सांगितलं, की डॉक्टर म्हणतात बोटं हलवत राहा, बाकी सगळं बराबर आहे.

बोटं हलवायला रबरी चेंडू आणला. बाईंनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने गॅलरीतून खाली भिरकावला. दात येणाऱ्या लेकरासारखं मला चेंडू देऊन बसवता का, असं त्यांचं म्हणणं. उजवा हात मांडीवर उताणा पडून असे, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा.

तेव्हा गंधालीला तो गेम आठवला. ती चौथी-पाचवीत असताना घरी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता, आणि त्याच्याबरोबर आलेल्या एका कॅसेटचं लेबल पहिल्यापासूनच फाटलेलं होतं. एक बुटका माणूस या खोलीतून त्या खोलीत जातो, किल्ली शोधतो, दार उघडतो. घरात त्याला दारांचा गेम म्हणत. दुपारी अंगणवाडी सुटली की बाई घरी यायच्या, पोरांना 'डोळे फुटतील' म्हणून बाहेर हाकलायच्या आणि मग स्वतःच तास-दीड तास खेळत बसायच्या. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि बाईंना वाटे कुणालाच माहीत नाही.

२

गंधाली एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ओल्या कागदात बिया गुंडाळायच्या आणि आठ दिवसांनी किती उगवल्या ते मोजायचं, हे तिचं काम. शेजारच्या टेबलावर संघपाल बसे. त्याला एक नाद होता: जुने गेम उघडून त्यांची उलथापालथ करायची. जगभर असली हौशी माणसं आहेत म्हणे. गेम तोच ठेवतात आणि त्यातली चित्रं, रस्ते, शब्द आपल्या मनासारखे बदलतात. संघपालने एका जुन्या गाड्यांच्या गेमचा जालना-भोकरदन रस्ता करून टाकला होता. त्यात इतके खड्डे होते, की शर्यत जिंकणारा अजून जन्माला यायचा होता.

त्यानेच दारांचा गेम हुडकून एका कार्डावर घालून दिला, टीव्हीला जोडायचा डबा आणि बटणांचा रिमोट दिला, आणि गेमच्या आत शिरायचं कसं तेही शिकवलं. गंधालीने महिनाभर सुट्टीच्या दुपारी खर्ची घातल्या. बुटक्याला हिरवं लुगडं नेसवून त्याची बाई केली. सोळा खोल्या होत्या, त्या एकेक करून भोकरदनच्या केल्या: स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, अंगणवाडी, एसटी स्टँड, बाजारातली लिंबाखालची भाजीवाली. सतरावी करावी असं तिच्या मनात होतं, पण संघपालने हसून सांगितलं, की त्या काळच्या गेममध्ये जागा मोजून दिलेली असते. सोळा म्हणजे सोळा, त्यावर काडी मावायची नाही.

शेवटी हरल्यावर इंग्रजीत दोन शब्द येत. त्यांना नऊ घरं राखलेली होती. गंधालीने तिथे 'खेळ संपला' बसवलं आणि कौतुकाने आईला दाखवलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"संपला म्हणू नये घरात," त्या म्हणाल्या. जीभ अजून जड होती, पण शिकवण्याचा सूर काही गेला नव्हता. "मीठ संपलं म्हणतो का आपुन? वाढलं म्हणतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. तसं लिही."

गंधालीने निमूटपणे 'खेळ वाढला' लिहिलं. तेही नऊ घरांत बरोबर बसलं.

३

रोज सकाळी अकराला, आंघोळ आटोपली की बाई रिमोट घेऊन बसत आणि एक डाव खेळत. एकच. हरल्या की टीव्ही बंद. दीडला गंधाली जेवायला घरी आली की कुठपर्यंत गेलो त्याची हकिगत ऐकायला मिळे. आधी उजवा अंगठा नुसता बटणावर ठेवलेला असायचा. मग तो दाबायला लागला. मार्च सरता सरता बाईंनी चमचा धरून वरण प्यायलं आणि मायलेकी दोघीही त्यावर रडल्या. गंधालीने त्या दिवशी संघपालसाठी पेढे नेले.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी पानावर बसताना बाई सहज म्हणाल्या, की आज सतराव्या खोलीत गेल्ते.

सोळाव्या, गंधाली म्हणाली. बाईंनी तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं रोज हजेरी घेतलेली बाई. एक पोरगं कमी भरलं तर गाव उलटंपालटं करणारी. गंधालीने वाद घातला नाही. आजारपणात माणूस थोडंफार इकडचं तिकडे करणारच, असं तिने मनाशी धरलं आणि भाजी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी अठरावी होती. त्याच्या पुढच्या दिवशी एकोणिसावी.

४

गंधालीने स्वतः खेळून बघितलं. सोळाव्या खोलीचं दार उघडलं, की गेम जिंकल्याची धून वाजायची आणि पहिली खोली पुन्हा यायची. तीनदा खेळली, तीनदा तेच. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याचबरोबर आईची काळजीही वाटली; मेंदूवर काही नवीन तर नाही ना झालं?

रविवारी अकराला ती आईच्या मागे उभी राहिली.

बाईंनी सोळा खोल्या शांतपणे पार केल्या. सोळावीचं दार उघडलं. धून वाजली नाही. पुढे एक लांबलचक पडवी आली, आणि ती गंधालीने काढलेली नव्हती. रंग तिचेच होते, फरशीचे चौकोन तिचेच होते, पण तिला कधी जमलं नसतं इतकं ते नीट होतं. भिंतीलगत बस्करपट्टी अंथरलेली. त्यापुढे तशीच दुसरी पडवी, तिसरी, चौथी. गंधाली बोटांवर मोजत राहिली. सहाव्या पडवीच्या, म्हणजे बाविसाव्या खोलीच्या टोकाला, बस्करपट्टीवर, कुणीतरी मांडी घालून बसलं होतं, पाठ करून.

लुगड्यातली बाई चालू लागली. टिक, टिक, टिक. हा आवाज मूळ गेममधलाच होता. त्याच्याखाली आणखी एक होता, अगदी बारीक. अंधारात चष्मा शोधताना आपण जमिनीवर तळवा फिरवतो, तसा काहीतरी. बसलेलं माणूस हललं नाही. लुगड्यातली बाई त्याच्या पाठीला टेकली, चित्र थांबलं आणि अक्षरं आली: खेळ वाढला.

"रोज एक पडवी पुढं जाऊन बसते," बाई रिमोट खाली ठेवत म्हणाल्या. "मी कायी बोलत न्हाई तिला. तीबी कायी बोलत न्हाई."

गंधालीने टीव्हीचा पंखा, कूलर, खालच्या दुकानातलं शिलाई मशीन असं सगळं आठवून बघितलं. त्या बारीक आवाजाला यातलं काहीतरी कारण असेल. टीव्हीला पंखा नसतो, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

५

एप्रिलच्या शेवटी ते तीन महिने भरले. ज्या तारखेवर गंधालीने कॅलेंडरमध्ये खूण केलेली नव्हती, पण जी तिला झोपेतही सांगता आली असती, ती तारीख आली आणि गेली. डॉक्टरांनी बाईंच्या हातात आपली दोन बोटं दिली आणि दाबायला सांगितलं, आणि मग हसून सोडवून घेतली. असं क्वचित होतं, म्हणाले. काय करता हो घरी?

गेम खेळते, बाई म्हणाल्या.

बाहेर पडताना गंधालीला वाटलं, की दवाखान्याच्या पायरीला हात लावून नमस्कार करावा. कुणाला करायचा ते मात्र तिला नक्की कळेना. दर दिवशी एक पडवी वाढते आहे, आणि शेवटी बसलेलं जे कोणी आहे ते एका पडवीने लांब जातं आहे, आणि आई बरी होते आहे. एवढं तिला दिसत होतं. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे तिला शाळेत शिकवलं होतं आणि ती ते रोज स्वतःला सांगे.

पण मोजणीचं काम करणाऱ्या माणसाला न जुळणारा आकडा डाचतोच. पडव्या पंचवीस झाल्या तेव्हा तिने न राहवून गेमचं कार्ड संघपालला दिलं आणि आत सोळाच खोल्या आहेत ना, बघ म्हणाली. का ते सांगितलं नाही. बाकी काही बदलू नको, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

६

संघपाल दुसऱ्या दिवशी बारा वाजता तालुक्याचं काम उरकून प्रयोगशाळेत आला. येताना वाटेत मस्तगडातच होतो, म्हणून कार्ड काकूंकडे देऊन, लावूनही आलो, असं त्याने सांगितलं. सोळाच खोल्या आहेत, म्हणाला. जुन्या गेममध्ये कधी कधी जागेपलीकडचं काहीबाही वाचलं जातं आणि वेडेवाकडे ठिपके दिसतात. तुम्हाला तसलंच काही दिसलं असेल, म्हणाला. गंधालीच्या मनात आलं, की वेड्यावाकड्या ठिपक्यांना मांडी घालता येत नाही.

"आणि ताई, एक चूक होती तुमची, ती पण दुरुस्त करून टाकली," तो मोठ्या समाधानाने म्हणाला. "शेवटी खेळ वाढला लिहिल्तं तुम्ही. घाईत झालं असंल. मंग मी संपला केलं."

गंधालीच्या हातात ज्वारीच्या उगवणीचा कागद होता. तो तिने तसाच टेबलावर टाकला. आईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. डाव चालू असला की बाई फोन उचलत नसत.

मस्तगडापर्यंतचा रस्ता तिने स्कूटीवर कसा काढला, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. ऊन मी म्हणत होतं. सारखा एकच शब्द तिच्या डोक्यात येत होता आणि ती तो मनातसुद्धा पुरा उच्चारत नव्हती. जिना चढताना तिने कान दिला. वरून कूलरचा आवाज येत होता. टिक-टिक येत नव्हती.

७

बाई जिवंत होत्या. रिमोट मांडीवर धरून टीव्हीकडे बघत होत्या, आणि उजवा अंगठा मधल्या बटणावर घट्ट दाबलेला होता. डाव त्यांनी थांबवून ठेवला होता.

पडद्यावर पडवी होती. पण आज बसणारी टोकाला नव्हती. दारातून आत येताच, पायाशीच बसली होती. लुगड्यातल्या बाईने पाऊल टाकायला जागाच उरली नव्हती. एक बटण दाबलं असतं तरी टेकली असती.

"आज येगळं करून राह्यलीय," बाई हळू म्हणाल्या.

गंधाली टीव्हीचं बटण बंद करायला पुढे झाली. डाव थांबवलेला असला, की त्या गेममध्ये काहीच हलत नसे. संगीत नाही, पाणी नाही, दिव्याची ज्योत नाही. तिने ते स्वतः शंभरदा बघितलं होतं. आणि तरी त्या बसलेल्या पाठीवरचं डोकं, एका वेळी एक ठिपका, मागे वळत होतं. इतक्या जवळून गंधालीला तिचा उजवा हातही दिसला. तो तिच्यापुढच्या रिकाम्या फरशीवर फिरत होता.

"बंद करू नको," बाई म्हणाल्या. "पंगतीला बसलेल्याला उठवत न्हाईत."

गंधालीला काही उमगेना.

"अगं, बसलीय कशी बघ ना. मांडी घालून, पट्टीवर. इतके दिवस मलाबी कळलं न्हाई, मी एकतीस वर्षं पोरं जेवू घातलेली बाई." बाईंच्या आवाजात शरम होती. "आपुन रोज वाढलं, वाढलं म्हणून राह्यलो, आन् पान मात्र मांडलं न्हाई. जल्दी कर माय. भुकेली हाये ती."

गंधालीने ताट घेतलं. दोन भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, ठेचा, कांदा, कडेला मीठ. पाण्याचा गिलास भरला. टीव्हीपुढे फरशीवर पाट मांडून त्यापुढे ताट ठेवताना तिने मान वर केली नाही, तरी पडद्याचा उजेड तिच्या मनगटावर हलताना तिला दिसला.

मग बाईंनी तिला भिंतीकडे तोंड करून आपल्याजवळ बसवलं. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये. दोघी बसून राहिल्या. भाकरी मोडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने ताट फरशीवर किंचित सरकलं, निवांत जेवणाऱ्याचं सरकतं तसं. आमटी ओरपल्याचा आवाज आला आणि गंधालीने आईचा हात धरला, तर आईनेच तिचा जास्त घट्ट धरला होता, उजव्या हाताने.

शेवटी गिलास खाली ठेवल्याचा आवाज आला. त्या वळल्या, तेव्हा पडवी रिकामी होती, बस्करपट्टीची गुंडाळी भिंतीला लावलेली होती आणि खाली अक्षरं होती: खेळ वाढला. त्या कार्डावर हे शब्द आता नाहीत, असं संघपाल नंतर शपथेवर सांगत होता, आणि त्याने ते उघडून दाखवलंही.

ताट चाटून पुसून रिकामं होतं. कडेचं मीठ तेवढं जसंच्या तसं होतं. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो म्हणतात. हिने मीठच खाल्लं नव्हतं. गंधालीने ते आईला दिसण्याआधी धुऊन टाकलं आणि पदराआड हात जोडले.

८

त्यानंतर गेम लावायची गरज पडली नाही. डबा कपाटात गेला. दीड वाजता तीन पानं वाढायची, तिसरं पाठीमागे ठेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं, एवढाच नेम राहिला. बाई काठी टाकून चालू लागल्या. दसऱ्याला पिंपळगाव रेणुकाईला जाऊन त्यांनी देवीची ओटी स्वतःच्या हातांनी भरली. गंधाली देवळात रांगेत उभी होती आणि आईच्या त्या दोन हातांकडे बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईचं आणखी एक वर्ष मिळालं तर बदल्यात काहीही चालेल, असं तिने एप्रिलमध्ये मनात म्हटलं होतं. मग दुसरी संक्रांत आली, गेली, आणि आता ते वर्ष भरत आलं होतं.

परवा संघपाल लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि बाईंनी त्याला उपाशी जाऊ दिलं नाही. तीन भाकरी खाल्ल्या त्याने. तो गेल्यावर उरलेल्या चार गंधालीने वाढल्या: दोन मागच्या पानावर, एकेक दोघींना. दळणही आदल्या दिवशीच गिरणीत टाकलेलं होतं आणि डब्यात चिमूटभरही पीठ नव्हतं.

मागचं जेवण झालं. रोज यानंतर गिलास खाली ठेवल्याचा आवाज यायचा. तो आला नाही. त्याऐवजी फरशीवर तळवा फिरल्यासारखा तो जुना बारीक आवाज आला, ताटाच्या भोवतीने, आणि मग ताटाच्या या बाजूला, गंधालीच्या पाठीच्या जवळ.

गंधालीने टोपल्याकडे बघितलं. टोपलं रिकामं होतं. शब्द तिच्या ओठांवर आला आणि बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात दाबला.

"तसं म्हणायचं न्हाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मागून राह्यली ती. वाढ."

बाई आपली भाकरी जेवून मोकळ्या झाल्या होत्या, स्वतःच्या हाताने, शेवटच्या तुकड्यापर्यंत. गंधालीने ते बघितलं आणि तिचं मन भरून आलं. तिच्या ताटात तिची भाकरी होती. तिने तिचे दोन भाग केले आणि एक भाग हात मागे करून धरला.

बोटांनी तो घेतला. घेताना ती तिच्या बोटांना लागली आणि क्षणभर तिथेच थांबली. गंधालीला ती गार लागतील असं वाटलं होतं, पण ती कोमट होती, आणि आईच्या बोटांत आला होता तसाच त्यांच्यातही आता जोर आला होता.

मागे पुन्हा फरशीवर तळवा फिरू लागला. गंधालीने उरलेला अर्धा उचलला आणि मागे न बघता तोही वाढला.